मावशींसाठी दोन ओळी

मास्तर जाऊन सोळा दिवस झाले, तेव्हा मावशी पंपांच्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, दोन ओळी लिहून द्या. मोठ्या हॉस्पिटलात आयाची जागा निघालीय. आधीच्या घरचं पत्र मागतात, तेही इंग्रजीत."

भाऊ हा मास्तरांचा एकुलता एक मुलगा. खाली पंपदुरुस्तीचं दुकान, वर घर. वर मास्तर अर्धांगवायूने चौदा महिने पडून होते. मावशी सकाळ-संध्याकाळ त्यांचं सगळं करायच्या. दुपारी त्यांना दुसऱ्या घरी काम असे; पण तिकडे जाता जाता त्या रोज वाटेत थांबून मास्तरांना भरवायच्या. वाटीभर सूप घशाखाली उतरायला पाऊण तास लागे.

मास्तरांनी चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. क्रियापद कुठे नुसतं ठेवायचं, कुठे त्याच्याआधी 'टू' लावायचा आणि कुठे मागे 'आयएनजी' जोडायचा, हे त्यांनी जगाच्या पोरांना शिकवलं; घरच्याच्या डोक्यात काही शिरलं नाही. "गाढवा, एवढ्याशा शेपटीने अर्थ उलटतो!" म्हणत ते पट्टी उगारत, आणि भाऊ घाईघाईने दिसेल तिथे आयएनजी लावून मोकळा होई.

आताही त्याने मनापासून लिहिलं. मावशी रोज थांबून भरवायच्या, म्हणून 'शी स्टॉप्ड फीडिंग माय फादर एव्हरी डे.' वडील मरत होते तेव्हाही मदतीला मावशीच होत्या, म्हणून 'ॲट द एंड शी हेल्प्ड हिम डाय.' आयएनजी फार होतील म्हणून इथे क्रियापद नुसतंच ठेवलं. खाली दुकानाचा शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलातून बोलावणं आलं. बाहेरच्या बाकावर मावशी नव्या चपला घालून बसल्या होत्या. आत मेट्रनबाईंच्या टेबलावर पत्र होतं.

"तुम्ही लिहिलंय, ही बाई रोज तुमच्या वडिलांना भरवायचं थांबवायची."

"थांबवायची नाही हो, थांबायची."

"म्हणजे?"

"थांबून भरवायची."

"मग 'टू फीड' हवं. इथे तर उपाशी ठेवलं असं झालंय. आणि हे शेवटचं? तिने त्यांना मरायला मदत केली?"

"केली ना! खूप केली," भाऊ म्हणाला. "तिच्याशिवाय जमलंच नसतं."

मेट्रनबाईंनी खुर्ची जरा मागे सरकवली. भाऊला चूक झाल्याचं उमगलं, पण नेमकी कुठली ते कळेना. त्याने तिथेच कागद मागून घेतला. आधी तसं लिहिल्याचा खेद आहे, तिने काही माझ्या वडिलांना मारलं नाही, एवढंच त्याला सांगायचं होतं. त्याने लिहिलं, 'आय रिग्रेट टू से शी डिड नॉट किल माय फादर.'

मेट्रनबाईंनी ते दोनदा वाचलं. "तिने मारलं नाही, हे सांगताना तुम्हाला खेद होतोय?"

"फार."

त्यांनी फोन उचलला.

चार वाजता भाऊ आणि मावशी पोलीस चौकीत होते. फौजदाराने दोन्ही पत्रं बाजूला सारली. "इंग्रजी पुरे. आपल्या भाषेत सांगा. या बाई दुपारी भरवायला यायच्या?"

"रोज. वाटेत थांबून."

"आणि तुम्ही कुठे असायचात?"

"खाली, दुकानात."

"किती पायऱ्या?"

"अठरा."

"मग वडिलांना भरवायचं तुम्ही कधी बंद केलंत?"

भाऊला हा प्रश्न पहिल्या फटक्यात कळला.

"बंद नाही केलं, साहेब. सुरूच केलं नव्हतं. घास अडकला की ते डोळे फिरवायचे. मला बघवायचं नाही. आवाज येऊ नये म्हणून मी खाली एखादा पंप चालू करून ठेवायचो."

फौजदाराचं पेन थांबलं. आता तो मावशींकडे नाही, भाऊकडे बघत होता. मृत्यूच्या दाखल्यावर सही कोणाची, शेवटच्या आठवड्यात वर कोण कोण गेलं, असं एकेक तो विचारू लागला. भाऊची उत्तरं अडखळू लागली.

"विसरलेत ते," मावशी मध्येच म्हणाल्या. "असं झाल्यावर माणसाला काय आठवतंय? मला ताप होता ना, त्या दिवशी यांनीच भरवलं. पूर्ण वाटी. मास्तर खूश होते. लिहा साहेब."

त्या दिवशी मास्तर संध्याकाळपर्यंत उपाशी होते. तापातच मावशी आल्या तेव्हा उशी ओली होती आणि खाली पंप चालू होता.

भाऊने मान वर केली नाही.

फौजदाराने सुटकेचा निःश्वास टाकला आणि लिहून घेतलं. मेट्रनबाईंना फोन करून त्याने सांगितलं, बाईंना कामावर घ्या, पत्र लिहिणाराच अडाणी आहे. मग त्याने विचारलं, "यांच्याबद्दल तुमची काही तक्रार, बाई?"

"छे हो. बापाची सेवा करणारा माणूस आहे."

फौजदाराने तेही लिहिलं, आणि कागद सहीसाठी भाऊपुढे सरकवला. वाक्यात एकही चूक नव्हती. भाऊने सही केली.