मधमाशीच्या जागी मी

अध्यक्षसाहेब, खुनी तुम्ही आहात! आपल्या इमारतीच्या गच्चीवर औषध फवारून मधमाश्या मारल्यात तुम्ही, आणि वर नोटीस मलाच: ‘महिनाअखेरपर्यंत एकही फळ धरलं नाही, तर भोपळ्याचे वेल उपटण्यात येतील.’ पाय तोडायचे आणि वर विचारायचं, पळत का नाहीस?

पण मी कुणाच्या बापाला भीत नाही! चार पुस्तकं माझी मीच वाचली. नर फुलातली पिवळी भुकटी मादी फुलात पोचली की फळ धरतं. माशी म्हणजे नुसती हमाल! म्हटलं, हमाली मी करतो.

पहिल्या दिवशी जेवून, वामकुक्षी उरकून वर गेलो. सगळी फुलं मिटलेली! यांचं दुकान पहाटे उघडतं आणि ऊन चढलं की बंद. दुसऱ्या दिवशी, म्हणजे मुदतीच्या शेवटच्या दिवशी, उजाडता उजाडता हजर झालो.

पुस्तक म्हणतं, नर खुडा आणि मादीत घासा. नर ओळखायला काय अक्कल लागते? बरीचशी फुलं लांब देठावर काडीपैलवानासारखी डुलत होती. अकरा मात्र अशी भरदार, की बुडाशी गरगरीत गोळा! हेच मर्द! अकराच्या अकरा खुडली आणि काडीपैलवानांच्या तोंडावर यथेच्छ घासली.

तेवढ्यात बायको वर आली. “अहो, हे काय केलंत?”

“माशीचं काम. तिच्या दुप्पट वेगानं!”

तिनं एक खुडलेलं फूल उलटं धरलं. “हा गोळा दिसतोय?”

“दंड आहे तो त्याचा!”

“पोर आहे ते तिचं! ज्याच्या बुडाशी इवलं फळ, ती मादी. अकरा लेकुरवाळ्या खुडून बाप्यांच्या तोंडाला पुसल्यात तुम्ही!”

मी पुस्तकाला शिव्या घालणार, तोच तुम्ही माळ्याला घेऊन आलात. “एकही फळ नाही. उपटा!”

“थांबा,” म्हणत बायकोनं पाण्याच्या टाकीमागची पानं बाजूला केली. मुठीएवढा भोपळा! आणि शेजारच्या फुलात, बूड वर करून, भुकटीनं माखलेली एक मधमाशी. तुमच्या औषधातून वाचलेली!

तुम्ही दोन पावलं मागे. “ही... ही कुठून आली?”

मी छाती फुगवून म्हणालो, “माझ्या हाताखाली आहे ती!”

बायको माझ्याकडे बघत राहिली. मी आभाळाकडे.

त्याला आठवडा झाला, साहेब, आणि तुमची दातखीळ बसलीय. फळ मुदतीत धरलं. कुणी धरवलं, हे नोटिशीत विचारलेलं नव्हतं, तेव्हा ते उगाच उकरू नका! वेल राहणार की नाही, तेवढं बोला!