धोंडाबाईच्या अकरा म्हणी

एका जंगलात, मुलांनो, गवत होतं, पाणी होतं, सावली होती. चारित्र्य तेवढं नव्हतं. निदान कोल्हेसाहेबांचं तसं मत होतं. आणि कोल्हेसाहेब वाघमहाराजांच्या दोन पावलं पुढे चालत, त्यामुळे ते मत सगळ्यांचंच होतं.

दर हिवाळ्यात तिथे चीनहून एक करकोचा येई. तळ्याकाठी एक पाय वर घेऊन तो आपल्या देशातल्या म्हणी सांगे. विहिरीतला बेडूक आभाळ विहिरीएवढंच समजतो. घंटा चोरणारा स्वतःचेच कान झाकतो, म्हणजे आवाज कुणाला जायला नको. प्राणी पोट धरून हसत आणि घरी जाताना जरा गप्प होत.

हे कोल्हेसाहेबांच्या कानावर गेलं. त्यांनी फर्मान काढलं. सगळ्या चिनी म्हणी सागवानी पाट्यांवर कोरायच्या. रोज सकाळी मोठ्याने म्हणायच्या. पाटीला धक्का लावेल त्याला महाराजांसमोर उभं करायचं. महाराजांसमोर उभा राहिलेला परत आल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

वाघाच्या जिवावर रुबाब करणाऱ्या कोल्ह्याचीही एक म्हण होती. ती कोरायची राहिली. सुतारपक्षी आजारी पडला म्हणे.

म्हणींच्या पहिल्या परीक्षेत लांडगा पहिला आला. त्याचं पाठांतर चांगलं होतं.

त्याच जंगलात धोंडाबाई नावाची मेंढी राहायची. तिला चार कोकरं होती. तिच्या कुंपणाला भगदाड पडलं आणि भरदुपारी लांडगा एक कोकरू घेऊन गेला. धोंडाबाई धावत साहेबांच्या कचेरीत गेली.

"साहेब, भगदाड बुजवायला चार गडी द्या."

साहेबांनी वही चाळली. त्यांचा चेहरा उजळला. "यावर म्हण आहे की. 'मेंढी गेल्यावर कुंपण नीट केलं, तरी उशीर झालेला नसतो.' अगदी तुमच्यासाठीच केल्यासारखी."

"मग करताय ना नीट?"

"लावतो ना. म्हण लावतो."

दुसऱ्या दिवशी भगदाडासमोर दोन खांबांवर पाटी उभी राहिली. उद्घाटनाला लांडगा होता. त्याने म्हण खणखणीत आवाजात म्हटली. टाळ्या पडल्या. तिसऱ्या दिवशी तो पाटीखालून वाकून आत शिरला आणि दुसरं कोकरू घेऊन गेला. पाटीला पाठ लागू नये म्हणून त्याने घेतलेली काळजी पाहण्यासारखी होती.

धोंडाबाईने मग स्वतःच बाभळीच्या काट्या ओढून आणल्या. तोंड रक्ताळलं. साहेबांनी काट्या काढायला लावल्या. अक्षरं झाकली जात होती.

ती करकोच्याकडे गेली. "पाहुणे, ही म्हण ऐकून तुमच्याकडे काय करतात?"

"कुंपण नीट करतात. दुसरं काय करणार, बाई?"

"इथे पाटी लावतात."

करकोच्याने वर घेतलेला पाय खाली ठेवला. बराच विचार केला. "यावर आमच्याकडे म्हण नाही," तो म्हणाला.

धोंडाबाई रडली नाही. दोन कोकरं उरली होती, रडायला सवड कुठली? घरी जाऊन तिने आपल्या अंगाने भगदाड मोजलं आणि पुन्हा कचेरी गाठली.

"साहेब, माझं चारित्र्य फार वाईट आहे."

साहेबांनी चष्मा काढला. असं स्वतःहून आजवर कुणी कबूल केलं नव्हतं. "काय दोष आहे?"

"आळशी आहे मी."

"मग ससा आपटून मरेल म्हणून झाडाच्या बुंध्याशी बसून राहिलेल्या शेतकऱ्याची म्हण घ्या."

"लांबीला किती आहे?"

"तीन हात. का हो?"

"लांब असली की मनावर जास्त ठसते. आणि मी उतावळीही आहे."

"रोप लवकर वाढावं म्हणून ते ओढणाऱ्याची घ्या. पाटी जरा जाड आहे."

"जाडच द्या साहेब. माझी कातडी जाड आहे."

मग तिने लोभ कबूल केला, हट्ट कबूल केला, चुगली, गर्व, मत्सर, सगळं कबूल केलं. दहावर अडली. अकरावा दोष साहेबांनीच सुचवला: कृतघ्नपणा. तोही तिने घेतला.

अकराही पाट्या तिने भगदाडात एकीवर एक बसवल्या आणि डोक्याने हाणून हाणून घट्ट ठोकल्या. अक्षरं बाहेरच्या बाजूला, सुवाच्य. साहेब पाहून गेले आणि खूश झाले.

लांडगा आला. त्याला अकराही म्हणी पाठ होत्या. पण आत जायचं तर पाटीला पंजा लावणं आलं, आणि पंजा लावला की महाराज आले. तो बसला. सगळ्या म्हणी दोनदा वाचल्या. मग उपाशीपोटी निघून गेला.

पंधरा दिवसांनी साहेबांनी सभा भरवली. चिनी म्हणींमुळे लांडग्याचं मन पालटलं, असं जाहीर झालं. लांडग्याला हार घातला. तो अर्धा तास बोलला. मग धोंडाबाईला दोन शब्द बोलायला सांगितलं.

ती म्हणाली, "मला चार कोकरं होती."

"वा, थोडक्यात आणि सुंदर," कोल्हेसाहेब म्हणाले. टाळ्या पडल्या.

तात्पर्य: सद्विचाराने जीव वाचतो, मुलांनो. तो फक्त सागवानी असावा, चांगला जाड असावा, आणि त्याचा अर्थ विचारण्याआधी त्याची लांबी विचारावी.