सतरा इंची फ्रेम

मापाच्या बाबतीत मला शिकवणारा अजून जन्माला यायचाय! अंबरनाथच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होतो मी. केसाएवढा फरक दिसला की अख्खा लॉट परत! आणि लोक सायकल कशी घेतात? रंग बघून! गाढव लेकाचे.

आमच्या मालिनीला पन्नासाव्या वर्षी सायकल हवी होती. लहानपणी भावांना सायकली मिळाल्या, हिला कॅरिअरवरची जागा. आता मैत्रिणीच्या सायकलवर चालवायला शिकली होती आणि हेंद्रेपाड्यातल्या बायकांबरोबर रविवारी चिखलोलीपर्यंत जायचं ठरलं होतं. आठ दिवस नुसती हरखली होती.

"चला ना, दुकानात बसून बघते," म्हणाली.

"बसून बघायला ती काय खुर्ची आहे? भिंतीला टेकून उभी राहा!"

अनवाणी उभी केली, पायांच्या मधून जुनी टेलिफोन डिरेक्टरी वर टेकेपर्यंत सरकवली आणि जमिनीपासून कापडी टेप लावली. तीस इंच! तीनदा मापलं, तीनदा तीस. याला म्हणतात काम!

उल्हासनगर कॅम्प चारचा दुकानदार म्हणाला, "साईं, तीस है तो सतरा इंच की फ्रेम आएगी. लेकिन भाभी को लाओ ना, एक बार खडा करके देखते हैं."

"शेठ, ते अंदाजपंचे धंदे तुमचे! सतरा द्या!"

रविवारी सकाळी बिल्डिंगखाली सगळ्या बायका जमल्या. सीटची उंचीही मी त्याच तीस इंचांच्या हिशेबानं बसवली होती. मालिनीला ओट्यावरून चढवलं आणि मागून धक्का दिला. काय झोकात निघाली! एक फेरी, दुसरी, तिसरी...

"अगं, थांब आता! निघायचंय ना?"

"थांबू कशी?"

"ब्रेक दाब, पाय टेक!"

"कुठे टेकू? जमीन लागतच नाही! धरा मला!"

मी मागून धावतोय. "घाबरू नकोस! माप बरोबर आहे!"

"आग लावा त्या मापाला!" असं म्हणत ती थेट तळमजल्यावरच्या हरिचंद्र टेलरच्या वाळत घातलेल्या पापडांत!

गुडघा सोलवटला. बायका थोडा वेळ थांबल्या, मग निघून गेल्या. मालिनी पायरीवर बसून रडायला लागली. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. तरी म्हणालो, "फ्रेममध्येच डिफेक्ट असणार!"

हरिचंद्रनं पापड झटकत माझी टेप उचलली, पाहिली. "साहेब, हिच्यात एक नि दोन आकडेच नाहीत. ही तीनपासून सुरू होते."

मालिनीचं रडं जागच्या जागी थांबलं. "गेल्या महिन्यात बाथरूमच्या नळाला गुंडाळायला टेपचे दोन इंच कुणी कापले हो?"

मी पापड गोळा करायला लागलो.

"म्हणे क्वालिटी!"

सायकल टेम्पोत टाकून ती एकटीच कॅम्प चारला गेली. शेठनं तिला उभं करून पाहिलं आणि पंधराची दिली. पुढच्या रविवारी ती चिखलोलीला निघाली, तेव्हा मी हवा तपासायला पुढे झालो.

"हात लावू नका," ती म्हणाली. "मी येईपर्यंत तो नळ बघा."

बघितला. अजून गळतोय.