खिडकीवरचा ट

पोस्टमास्तरांच्या घराची रस्त्याकडची भिंत रंगवून पेंटर शिडीवरून खाली उतरला, चार पावलं मागे सरला आणि स्वतःच्याच कामावर खूश होऊन मान डोलावू लागला. भिंतीवर लालभडक अक्षरांत लिहिलं होतं, 'सौर प्रकल्प हटवा!'

'सौर प्रकल्प' वरच्या ओळीत नीट मावलं होतं. 'हटवा' मात्र पेंटरने खालच्या ओळीत दुप्पट मोठं काढलं होतं आणि त्या ओळीच्या बरोबर मधोमध स्वयंपाकघराची खिडकी येत होती. एकाच लाकडी दाराची, आत उघडणारी. पेंटरने 'ह' खिडकीच्या डावीकडे काढला, 'वा' उजवीकडे, आणि 'ट' खिडकीच्या बंद दारावर.

"खिडकी सोडून लिहिता आलं नसतं का रे?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"सोडली असती तर शब्द तुटला असता, साहेब. आता बघा कसा एकजीव दिसतोय!"

दिसत होता खरा. पोस्टमास्तरांनी खिशातून चष्मा काढून पुन्हा एकदा वाचलं आणि त्यांची छाती दोन इंच फुगली.

पोस्टमास्तरांनी चौतीस वर्षं नोकरी केली, ती सगळी दुसऱ्यांची पत्रं पोचवण्यात आणि गोदामाच्या भिंतीकडे बघण्यात. कारण त्यांना मिळालेल्या प्रत्येक सरकारी खोलीच्या खिडकीसमोर कुठलं ना कुठलं गोदाम असायचंच. निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या आठ एकरांच्या कडेला, डोंगराच्या पायथ्याशी घर बांधलं आणि पूर्वेकडे ऐसपैस व्हरांडा काढला. व्हरांड्यात वेताची खुर्ची टाकून बसलं की समोर आधी त्यांची जमीन, मग शेजाऱ्यांचा माळ, आणि मग थेट आभाळ. मधे काही म्हणजे काही नाही. "त्यात बघायचं काय?" असं बायको विचारायची. "काहीच नाही, हेच तर बघायचं!" असं पोस्टमास्तर म्हणायचे.

आणि आता एक कंपनी त्या माळावर हजारो काचेच्या पाट्या उभारायला निघाली होती.

माळावर जमीन असलेल्या नऊ जणांनी विरोध समिती काढली. अर्ज लिहिता येणारे एकटे पोस्टमास्तरच, त्यामुळे अध्यक्षपद आपसूक त्यांच्याकडे चालत आलं. प्रत्येकाचं कारण वेगळं होतं. कोंबडीवाल्याचं म्हणणं, "इतक्या काचा चमकल्या तर माझ्या कोंबड्यांना दिवस कुठला नि रात्र कुठली हे कळायचं नाही. अंडी घालायची कधी त्यांनी?" नर्सबाईंना आपल्या फळबागेची काळजी होती. पोस्टमास्तरांच्या चुलतभावाला वाडवडिलांच्या जमिनीचा अभिमान होता. वर्षातून दोनदासुद्धा तो तिकडे फिरकत नसे, पण अभिमानाला रोज जावं लागत नाही.

पाहणीचा दिवस उजाडला. प्रकल्पाला मंजुरी देणारे मोठे सरकारी साहेब स्वतः येणार होते. सोबत कंपनीची इंजिनिअर आणि एक बातमीदार. समितीचे नऊच्या नऊ जण सकाळपासून हातात फलक घेऊन माळावर उभे होते. या नऊ जणांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी पोस्टमास्तरांच्या बायकोने दुपारचं जेवण करायचं होतं. तिने मोठ्या पातेल्यात अडीच किलो कांदा परतायला घेतला. पाच मिनिटांत स्वयंपाकघरात धूर कोंडला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, श्वास घेता येईना. तिने हातातला झारा तसाच धरून खिडकीची कडी काढली आणि दार धाडकन आत ओढलं.

नेमकी तेव्हाच साहेबांची गाडी घरासमोर आली.

"थांबव, थांबव!" साहेब ड्रायव्हरला म्हणाले. "सौर प्रकल्प... हवा! अरे वा! वरती तर म्हणत होते की इथं कडक विरोध आहे."

बातमीदाराने उडी मारून फोटो काढला. भिंतीवर 'ह', मग खिडकीत झारा घेतलेली, घामाघूम पण हसतमुख गृहिणी, मग 'वा!' पाहुणे दिसले की हसायचं, हे तिच्या अंगवळणीच पडलं होतं. शिवाय तिने हात हलवला. हातात झारा होता, म्हणून झाराही हलला.

गाडी माळावर पोचली. साहेबांनी उतरल्या उतरल्या पोस्टमास्तरांचा हात हातात घेतला.

"तुमच्या घरावरचं वाचलं."

"वाचलंत ना?" पोस्टमास्तर ताठ झाले. "आमच्या भावना भिंतीवर स्पष्ट लिहिल्यात. आता योग्य तो निर्णय तुम्ही घ्या."

"घेणारच! इतक्या स्पष्टपणे कुणी लिहीत नाही. तुमच्या मिसेसनी तर खिडकीतून हातही हलवला."

"हलवणारच. ती माझ्याहून कडक आहे."

"वा! म्हणजे घरात एकमत आहे."

"घरात काय, सबंध माळावर एकमत आहे!" पोस्टमास्तर गरजले, आणि मागच्या आठ जणांनी टाळ्या वाजवल्या. साहेब भारावून गेले. त्यांनी फलक वाचायचीही तसदी घेतली नाही. इंजिनिअर मुलगी मात्र एकदा फलकांकडे आणि एकदा टाळ्यांकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्याच पानावर फोटो आला. खाली ठळक ओळ होती, 'सौर प्रकल्पाचे उत्स्फूर्त स्वागत. विरोध समितीच्या अध्यक्षांचाच पुढाकार'.

पोस्टमास्तर पेपर घेऊन धावत रस्त्यावर गेले आणि भिंतीसमोर उभे राहिले. भिंत म्हणत होती 'हटवा'. पेपर म्हणत होता 'हवा'. त्यांनी तीनदा वर, तीनदा खाली पाहिलं. तेवढ्यात खिडकी उघडली, 'ट' आत गेला आणि त्याच्या जागी बायकोचं डोकं आलं.

"अहो, चहा गार होतोय."

"तू... तू ही खिडकी काल उघडलीस?"

"मग काय करू? अडीच किलो कांदा होता! तुम्हाला देखावा हवा, मला नुसती हवा हवी. तीही नको म्हणता?"

पोस्टमास्तरांनी लगेच बातमीदाराला फोन लावला आणि पाऊण तास त्याला खिडकी समजावून सांगितली. तिसऱ्या दिवशी पेपरात चौकट आली, 'सदर भिंतीवर खिडकी उघडी असताना हवा असे दिसत असले, तरी खिडकी बंद असताना हटवा असे असते, असा खुलासा अध्यक्षांनी केला आहे.'

हा खुलासा वाचून ज्यांनी मूळ बातमी वाचली नव्हती, त्यांनाही ती कळली. आणि सगळ्यांनी एकच अर्थ काढला. मास्तरांनी दोन्हीकडून बोलायची सोय करून ठेवलीय! शेजारी जाताना खिडकी बंद, साहेब जाताना उघडी.

त्याच दुपारी कंपनीची इंजिनिअर मुलगी फुलांचा भलामोठा गुच्छ घेऊन आली. "साहेबांनी पाठवलाय, काका. मी म्हटलं त्यांना, काहीतरी घोटाळा वाटतोय. पण ते ऐकेनात." पोस्टमास्तरांनी गुच्छ घ्यायला नकार दिला, तिने परत न्यायला नकार दिला आणि दोघांची ही ओढाताण अंगणात, सगळ्या रस्त्यादेखत, चांगली पाच मिनिटं चालली. लांबून बघणाऱ्यांना ती गळाभेट वाटली.

ती जाते न जाते तोच कोंबडीवाला आला. त्याने पुढच्या दारात उभं राहून, रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली, "मास्तर, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती! केसाने गळा कापलात आमचा!"

"अरे, ऐकून तर घे. ती खिडकी..."

कोंबडीवाल्याने आत येऊन दार लावून घेतलं आणि आवाज एकदम खाली आणला. "तुमची सही झाली का?"

"कसली सही? मी विरोधात आहे!"

"बरोबर, बरोबर. बाहेर तसंच बोलायचं." त्याने डोळा मारला. "माझ्याही नावाचं बघा की जरा. भाडेपट्ट्यावर द्यायला तयार आहे मी. फक्त नर्सबाईंना कळू देऊ नका. त्या फार पेटल्यात."

"आणि तुझ्या कोंबड्या?"

"कोंबड्यांचं काय, मास्तर! पडदे लावीन."

तो मागच्या दाराने गेला आणि पुढच्या दारात नर्सबाई उभ्या. त्यांनीही आधी मोठ्याने दोन वाक्यं सुनावली, मग खुर्ची जवळ ओढली. "माझे गुडघे आता बाग धरू देत नाहीत, मास्तर. कुणी जमीन भाड्याने घेतली तर सुटेन मी. पण कोंबडीवाल्याला सांगू नका हं. तो चिडला की अंडी द्यायचा बंद होतो."

संध्याकाळपर्यंत चुलतभाऊही येऊन गेला. वाडवडिलांना हल्ली शेतीत फारसा रस उरला नसावा, असं त्याचं मत पडलं होतं. दोन दिवसांत आठही जण येऊन गेले. प्रत्येक जण आला रागवायला, बसला कुजबुजायला, आणि जाताना म्हणाला, "बाकीच्यांना कळू देऊ नका."

पोस्टमास्तर सुन्न झाले. आठ जण आठ जणांना घाबरून विरोध करत होते आणि विरोध करणारा खराखुरा माणूस उभ्या माळावर एकच होता. पण चौतीस वर्षं लोकांची बंद पाकिटं हाताळलेला माणूस. त्याने यातलं एक अक्षर कुणापाशी बोलून दाखवलं नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. बायकोने सगळं शेजारच्या खोलीतून ऐकलं होतं, ती गोष्ट वेगळी.

आठवड्याने शाळेच्या हॉलमध्ये सुनावणी झाली. साहेब टेबलामागे बसले, बाजूला नकाशा घेऊन इंजिनिअर मुलगी. पहिलीच्या वर्गाची ठेंगणी बाकं मांडली होती, त्यामुळे समितीतल्या सगळ्यांचे गुडघे हनुवटीला लागले होते.

"ज्यांचा प्रकल्पाला विरोध आहे त्यांनी हात वर करावेत," साहेब म्हणाले.

पोस्टमास्तरांनी ताडकन हात वर केला. मग मागे वळून पाहिलं. कोंबडीवाला नर्सबाईंकडे बघत होता, नर्सबाई चुलतभावाकडे आणि चुलतभाऊ छताकडे. नर्सबाईंचा हात अर्धा वर आला आणि कोंबडीवाल्याचा खालीच आहे हे दिसल्यावर केसांवरून फिरून परत गेला.

"तुम्हीसुद्धा?" कोंबडीवाला पुटपुटला.

"तूसुद्धा?" नर्सबाई म्हणाल्या. आणि मग हॉलभर असा काही हशा पिकला की साहेबांना टेबल वाजवावं लागलं.

पोस्टमास्तरांचा हात मात्र वरच होता. ते उठले. ठेंगण्या बाकावरून उठायला दोन प्रयत्न लागले, पण आवाज खणखणीत होता. "कुणी येवो न येवो, माझा विरोध कायम आहे! माझ्या आठ एकरांतला एक तुकडाही मी देणार नाही. न्यायचीच असेल तर माझ्या अंगावरून..."

"काका," इंजिनिअर मुलगी हळूच म्हणाली, "तुमची जमीन नकोय आम्हाला."

पोस्टमास्तरांचा हात खाली आला.

"नकोय म्हणजे?"

"ती नकाशात कधी नव्हतीच. तुमच्या घरामागे डोंगर आहे ना, त्याची सावली दुपारी तीननंतर तुमच्या जमिनीवर येते. ऊन कमी पडतं. बाकीच्यांची जमीन उत्तम आहे."

"उत्तम?" पोस्टमास्तरांनी चुलतभावाकडे बोट केलं. "याची? याच्या जमिनीत गवत धड उगवत नाही!"

"गवत नकोय, काका. ऊन हवंय."

"मग माझ्या उन्हाला काय झालंय?"

घरी जाताना पोस्टमास्तर तरातरा पुढे निघाले. बायको पदर तोंडाला लावून चालत होती, तिचे खांदे हलत होते. व्हरांड्यात पोचल्यावर ते म्हणाले, "कमी ऊन पडतं म्हणे! पाच वर्षं इथं बसून कातडी रापली माझी, ती काय चांदण्यात?"

"अहो, पण बरंच झालं की. तुमची जमीन तुमच्यापाशी राहिली."

"अगं, पण 'नको' म्हणाली ती! सगळ्यांच्या देखत!"

"मग आता? देखाव्याचं काय?"

"देखाव्याचं काय घेऊन बसलीस? इथं अब्रूचा प्रश्न आहे."

पुढचे चार दिवस पोस्टमास्तर वेताच्या खुर्चीत बसले, पण आभाळ बघायला नाही. हातात घड्याळ घेऊन ते डोंगराची सावली बघत होते. तीन वाजता सावली कुंपणापाशीच असायची. तीन वीसला आत यायची. तीन पन्नासला कुठे निम्म्या जमिनीवर पोचायची. पाचव्या दिवशी त्यांनी अर्ज लिहिला. सदर जमिनीवरचे रोजचे पन्नास मिनिटांचे ऊन कंपनीने मोजलेच नाही, हा अन्याय आहे, तरी फेरमोजणी व्हावी. सोबत चार दिवसांचा तक्ता जोडला.

इंजिनिअर मुलगी आली. तिला हसू आवरत नव्हतं, पण तिने ते कागदामागे लपवलं. जमिनीच्या मध्यावर तिने तिवई उभी केली, तिच्यावर ऊन मोजायचं यंत्र बसवलं आणि आकडे बघू लागली. पोस्टमास्तर घड्याळ घेऊन तिच्या शेजारी, यंत्रावर वाकून उभे राहिले. कुंपणापलीकडे कोंबडीवाला, नर्सबाई आणि चुलतभाऊ निकाल ऐकायला जमले होते.

"किती दाखवतंय?" पोस्टमास्तरांनी विचारलं. "खरं सांग. भरपूर आहे ना?"

"फारच कमी दाखवतंय, काका."

"अशक्य! यंत्र बिघडलंय तुझं. डोक्यावर सूर्य तळपतोय, दिसत नाही का?"

"दिसतोय ना," ती म्हणाली. "जरा बाजूला व्हा, काका. तुमचीच सावली पडतेय."

पोस्टमास्तर बाजूला झाले.