सिग्वार्टने दुर्बीण निवडली

"लोक पहिली दुर्बीण घेताना फसतात, कारण त्यांना धीर नसतो!" सिग्वार्टने ऑक्टोबरात कॉफीचा कप टेबलावर आपटून जाहीर केलं. "मी फसणार नाही!"

आणि तो फसला नाही, हे आधीच सांगून टाकतो. दुर्बीण त्याने उत्तम निवडली. नॉर्वेच्या पार उत्तरेकडच्या अख्ख्या सेन्या बेटावर इतकी पारखून निवडलेली गोष्ट दुसरी नाही. नवराबायकोसुद्धा कुणी एकमेकांना इतकं पारखून निवडलेलं नाही!

घोळ झाला तो सासऱ्यांमुळे. एडविन त्यांचं नाव. जन्मभर मासेमारी केलेला, आवाज भोंग्यासारखा, आणि जावई म्हणजे थट्टेसाठीच देवाने दिलाय अशी पक्की समजूत. नाताळच्या जेवणात त्यांनी मेंढीच्या बरगडीचं हाड सिग्वार्टवर रोखलं.

"जावईबापू, चाळीस वर्षं ताऱ्यांच्या भरवशावर बोट हाकली मी, पण शनीची कडी काही बघितली नाहीत. ऐंशीव्या वाढदिवसाला दाखवा. म्हणजे तोवर तुमची दुर्बीण निवडून झाली तर!"

सगळं टेबल हसलं. सिग्वार्टला ते फार लागलं. कपडे धुण्याचं यंत्र निवडायला त्याने दोन वर्षं लावली होती, आणि त्या दोन वर्षांत त्याची बायको तुरीद धुण्याच्या पिशव्या घेऊन माहेरी जात होती. एडविनच्या दोरीवर वाळलेला आपला एकेक पायजमा सिग्वार्टला आठवला.

"दाखवतोच!" तो म्हणाला. शनी माणसाच्या मागे लागतो असं आपण ऐकत आलो आहोत. इथे माणूस शनीच्या मागे लागला!

आता डिसेंबरात सेन्यावर सूर्य उगवतच नाही. भर दुपारीही हवे तर तारे मोजा. अशा त्या सोन्यासारख्या अंधारात सिग्वार्ट काय करत होता? तळघरात दिवा लावून तक्ते आखत होता! भिंगाची की आरशाची? तिवईवरची की जमिनीवरची? आकाशप्रेमींच्या मंडळाला त्याने फोन केला, तर चिटणीस म्हणाले, "आधी साधी दुर्बीण गळ्यात अडकवून अंगणात जा. आकाशाची ओळख करून घ्या."

"अंगणात!" सिग्वार्टने फोन ठेवला. "मी इथे शास्त्रशुद्ध निवड करतोय, आणि हा मला अंगणात पाठवतोय!"

"अरे, वर ये!" तुरीद जिन्यावरून ओरडायची. "काय आकाश पडलंय बघ!"

"आत्ता नको! तिवईचं चाललंय!"

जानेवारीत भिंग बाद झालं. फेब्रुवारीत तिवई बाद झाली. मार्चमध्ये त्याने सगळे तक्ते फाडले आणि नव्याने आखले. एप्रिलअखेर मागणी नोंदवली, आणि मेच्या मध्याला ट्रकमधून दुर्बीण उतरली. आठ इंची आरशाची, आंघोळीच्या बंबाएवढी, खाली फिरता लाकडी पाट. सिग्वार्टने तिला मिठीच मारली. मग दुकानाच्या फळ्यावर कागद टोचून आला: "२४ मे. एडविन ऐंशी वर्षांचा. केक पाच वाजता. शनी अकरा वाजता. सर्वांनी यावे."

"सर्वांनी म्हणजे हारेक सोडून!" एडविनने बजावलं.

हारेक म्हणजे त्यांचा लहानपणापासूनचा मित्र. अकरा वर्षांपूर्वी एक भलामोठा मासा नक्की कुणाच्या गळाला लागला होता यावरून दोघांचं बोलणं बंद झालं ते कायमचं. मासा दुसऱ्याच दिवशी खाऊन संपला होता. भांडण मात्र अजून ताजं होतं.

चोवीस तारखेला तीस माणसं अंगणात जमली. स्वयंपाकघरात तुरीद केकवर मलई थापत होती.

"अकरालाच कसा रे शनी?"

"पुस्तकात आहे ना. मे महिना, रात्री अकरा."

"पुस्तक कुठलं?"

"जर्मन."

तुरीदने हातातला चमचा खाली ठेवला. मग मलईचं बोट खिडकीकडे केलं. बाहेर सूर्य झगझगत होता, आणि पुढचे दोन महिने तो मावळणारच नव्हता!

"सिग्वार्ट, अंधार कधी पडेल?"

सिग्वार्टने खिडकीबाहेर पाहिलं. बेटावर जन्मलेला माणूस! चोपन्न उन्हाळे काळे पडदे ओढून झोपलेला! "ऑगस्टच्या शेवटाला," तो पुटपुटला. "पण मग एवढ्या लोकांपैकी कुणी काही बोललं कसं नाही?"

"आम्हाला वाटलं," कॉफीची किटली न्यायला आलेली शेजारीण ओडलाउग म्हणाली, "एवढी महागाची दुर्बीण, अंधार सोबतच येत असेल!"

तेवढ्यात अंगणातून भोंगा वाजला. "जावईबापू! कुठाय तुमचा शनी?"

एडविन कोट घालून, केस चापून बसवून दुर्बिणीशेजारी उभे होते. त्यांची एवढी आशेने वर झालेली मान पाहून सिग्वार्टला खरं सांगण्याचा धीर होईना.

"मामा, आधी जरा हात बसू द्या," तो म्हणाला. "समोर समुद्रावरचंच काहीतरी बघा." आणि खाडीच्या मध्यावर एक तांबडा ठिपका दिसत होता, तिकडे त्याने नळी वळवून दिली.

एडविनने डोळा लावला आणि ते किंचाळले, "उलटली!"

"काय उलटलं?"

"हारेकची बोट! तळ वर आलाय!"

ओडलाउगने डोळा लावला. "अगं बाई, खरंच की!"

"पण मामा, नीट..."

"चाळीस वर्षं समुद्रावर काढली मी! उलटलेली बोट मला कुणी शिकवू नये! चला!"

आणि ऐंशी वर्षांचा माणूस धक्क्याच्या दिशेने धावत सुटला! त्यांच्यामागे ब्लँकेटं घेऊन तुरीद, तिच्यामागे धापा टाकत सिग्वार्ट. एडविनने बोट अशी सोडली की धक्काच हादरला. सुकाणू धरलेल्या म्हाताऱ्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि ते समुद्राचं नव्हतं.

"एका माशासाठी!" ते ओरडत होते. "अकरा वर्षं! गाढव आहे मी, गाढव!"

अर्ध्या वाटेवर सिग्वार्टला तक्ता आठवला. मार्चमधला. रकाना सातवा: आरशाच्या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं, आकाशात त्याने काही बिघडत नाही. त्याने खाली दोन रेघासुद्धा मारल्या होत्या!

"मामा, एक सांगायचं राहिलं..."

"नंतर!"

"बोट उलटी नसेल. आमची दुर्बीण सगळंच उलटं दाखवते."

एडविनने मान वळवून जावयाकडे पाहिलं. तशी नजर गळाला लागलेल्या माशांनाच बघायला मिळते. पण आता उशीर झाला होता. समोर तांबडी बोट होती, छान सरळ, आणि तीत बसून हारेक तपकिरी चीज लावलेला पाव खात होता.

"काय एडविन," हारेक घास न थांबवता म्हणाला, "अकरा वर्षांनी भांडायला आलास, तेही ब्लँकेटं घेऊन?"

एडविनने नाक पुसलं. "केक आहे," ते गुरगुरले. "मलईचा."

"मला बोलावलं नव्हतंस."

"मग आता काय करतोय मी? बहिरा झालास का?"

दोन्ही बोटी शेजारी शेजारी डुलत राहिल्या.

"मासा माझ्या गळाला होता," हारेक म्हणाला.

"तुझ्याच होता," एडविन म्हणाले.

हारेकने हातातला पाव खाली ठेवला. मग तो म्हणाला, "पण वर ओढला तू, हे मी कधी नाकारलं नाही." तुरीदने ब्लँकेटात तोंड खुपसून रडून घेतलं.

पुरती भरती आली होती. धक्क्याला लागताच हारेकने दोर सैल सोडून आपली बोट बांधली, आणि दोघे म्हातारे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून टेकाड चढू लागले. "सिग्वार्ट, माझी बांधून ये रे!" एडविनने मागे न बघता सांगितलं. 'रे' म्हणाले! जावईबापू नाही! सिग्वार्ट आनंदाने इतका फुलला की त्याने बोट धक्क्याला अगदी चिकटवून, करकचून बांधून टाकली.

मग जी मैफल जमली! शनीची आठवण कुणालाच नव्हती. अकरा वाजता लख्ख उन्हात एडविन खुर्चीवर चढले.

"माझ्या जावयाने दुर्बीण निवडली ती निवडली!" ते गरजले. "आज ती सरळ दाखवणारी असती, तर हा हारेक घरी कोरडा पाव खात बसला असता!"

टाळ्या पडल्या. सिग्वार्टला बक्षीस म्हणून केकचा तिसरा तुकडा मिळाला. हारेक उठून दुर्बिणीपाशी गेला. "बुडताना कसा दिसत होतो ते बघू तरी," म्हणत त्याने नळी लांबच्या धक्क्याकडे फिरवली.

"चर्च उलटं!"

"म्हणजे ठीक!" सगळे एका सुरात ओरडले.

"माझी बोट उलटी!"

"म्हणजे ठीक!"

"आणि एडविन, तुझी..." हारेक कौतुकाने थांबला. "वा! तुझी बोट एकदम सरळ!"

"बघा!" एडविनने छाती फुगवली. सगळ्यांनी पेले उंचावले.

सिग्वार्टचा काटा मात्र केकमध्येच रुतून राहिला. त्याने घड्याळ पाहिलं. ओहोटी लागून चार तास होऊन गेले होते. पाणी उतरलं की आखूड दोराने बांधलेली बोट धक्क्याला लटकते आणि पार उलटते, हे बेटावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"मामा," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "आधी केक संपवून घ्या. मग एक सांगायचं आहे."