डावा खांदा अर्धा इंच खाली

देशकर डॉक्टरांनी पहिल्या भेटीत माझं नावही विचारलं नाही. लीड्सच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये गणपतीची आरती संपली, मी प्रसादाला हात पुढे केला, तर कुणीतरी तो कोपरात वाकवून त्याला मापाची टेप लावली. मी गार!

"डावा खांदा अर्धा इंच खाली आहे तुझा. लॅपटॉपची बॅग ह्याच खांद्यावर घेतोस ना? बदल."

पंचाहत्तरीचे गृहस्थ, मूळचे नागपूरचे, हाडांचे निवृत्त डॉक्टर. जुनी सवय असेल, असं मला वाटलं. तेवढ्यात शेजारचे कुलकर्णी कानात म्हणाले, "बंदुकीपायी वेड लागलंय. दिसेल त्याचं माप घेतात." माझा मोदक हातातच राहिला.

पुढे त्यांच्या घरी गेलो, तर खरोखरच शिकारीची रायफल होती, रीतसर परवान्याची. नळी नियमाप्रमाणे लोखंडी कपाटात कुलूपबंद. खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता मात्र सोफ्यावर, उशीला टेकून, पाहुण्यासारखा.

"हरणं मारता तुम्ही?" मी घाबरत विचारलं.

"वेडा का तू? मी अंडं खात नाही. नेमबाजीच्या क्लबात पुठ्ठ्याचं हरीण असतं, त्याला मारतो."

त्यांचं म्हणणं असं, की दस्ता लांब झाला की मान ताणते, गाल लाकडावर टेकत नाही, डोळा दुर्बिणीच्या मागे येत नाही, आणि गोळी भलतीकडे जाते. लोक मात्र महागडी काडतुसं आणत बसतात. "रायफल चुकत नाही रे, माप चुकतं!" हे ते चहा ओततानासुद्धा म्हणायचे. दर रविवारी पॉलिश पेपरनं दस्त्याचं अक्रोडी लाकूड चिमूटभर घासायचं, डोळे मिटून दस्ता खांद्याला लावायचा, मग डोळे उघडायचे. जमलं नाही, की पुन्हा घासाघास. अशी दोन वर्षं!

जानेवारीत फोन आला. "बसला दस्ता! क्लबात ये."

मी तोंड वासून बघत राहिलो. पाच गोळ्या, पाउंडाच्या नाण्याएवढ्या जागेत.

"ही मापांची वही, लिही," ते म्हणाले. वही उघडली, तर मंडळातल्या झाडून सगळ्या पुरुषांच्या खांद्यांची जमिनीपासूनची उंची. चार नावांभोवती गोल. त्यात माझं. दस्त्याला जमिनीपासूनची उंची कशाला लागते?

"डॉक्टर, हे कसलं माप?"

ते रायफल पुसत राहिले. "मालती गेली तेव्हा मिळाले ते खांदेकरी घेतले. चौघं चार उंचीचे. तिची पेटी कलली रे. जन्मभर लोकांची हाडं सरळ केली अन् बायकोला सरळ नेता आलं नाही. आम्हांला मूलबाळ नाही. म्हटलं, आपले चार खांदे आपणच बघून ठेवावेत."

आदल्याच दिवशी ऑफिसनं कळवलं होतं, व्हिसा वाढणार नाही, मार्चमध्ये पुण्याला परत. मला खोटं बोलवेना. सांगून टाकलं.

त्यांनी खोडरबर काढला, माझ्या नावावर टेकवला, आणि तसाच परत खिशात ठेवला. नावापुढे पेन्सिलीनं लिहिलं, 'मार्चपर्यंत'.

मग टेप काढली. "नीट उभा राहा. तोवर हा डावा वर आला पाहिजे."