रामटेकेकाकांची टाळी

रामटेकेकाका कुठल्याही खोलीत शिरले की आधी एक टाळी वाजवतात. नमस्कार नंतर. टाळी वाजवायची, मान वाकडी करून आवाज किती रेंगाळतो ते ऐकायचं आणि "चालते" किंवा "कामाची नाई" असा निकाल द्यायचा. सिविक सेंटरच्या बँकेत त्यांनी टाळी वाजवली तेव्हा शिपाई पाणी घेऊन आला. एका घरी सांत्वनाला गेलो तर तिथंही त्यांचे हात वर आले. मी ते मध्येच धरले म्हणून अब्रू वाचली.

काका स्टील प्लांटमधून रिटायर झालेले आणि आमच्या विहाराच्या बँडचे बास ड्रमवाले. जयंती जवळ आली की आम्ही दहा-बारा जण ड्युटीवरून सुटून रिसालीच्या हॉलमध्ये सराव करतो. हॉलला पत्र्याचं छप्पर आहे. मोठ्या ड्रमवर एक ठोका दिला की तो बराच वेळ डोक्यावर घुमत राहतो.

आता कोणीही शहाणा माणूस म्हणेल, बंद जागेत वाजवायचं तर मऊ मॅलेट, म्हणजे मऊ गोळ्याची काठी घ्या. काकांचं उलटं. त्यांच्या काठीच्या टोकाचा नमद्याचा गोळा चांगला टणक असतो, आणि ड्रमच्या आत, चामड्याच्या कडेकडेनं फोमच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात.

"मऊ गोळ्यानं ठोकाच पुसून जाते," ते म्हणतात. "आवाज थांबला पायजे, ठोका नाई."

हा फोम त्यांनी आधी घरच्या जुन्या गादीतून काढला. तो पुरला नाही, तेव्हा स्कूटरची सीट फाडली. गेलं वर्षभर ते सीटवर टॉवेलाची घडी ठेवून उतईपर्यंत जाऊन येतात आणि खड्डा आला की उभे राहतात.

सराव सुरू असताना ते काठी माझ्या हाती देऊन दोनदा तरी घरी जायचे. घर हॉलला लागूनच, मधे एक भिंत. काका चहा प्यायला पळतात, अशी आम्ही खुशाल थट्टा करायचो.

यंदा मला दुर्बुद्धी झाली. ठोके फारच दबके वाटतात म्हणून काका यायच्या आत मी मोठ्या ड्रममधला सगळा फोम काढला आणि मऊ मॅलेट घेतली. हॉल असा दणाणला की सगळे खूश. काका आले, दारातच थांबले आणि तसेच घरी गेले. ते परतले नाहीत, तेव्हा मी त्यांची समजूत काढायला गेलो.

काकूंना मागच्या वर्षी लकवा झाला, उजवी बाजू गेली, हे मला माहीत होतं. त्यांची खाट हॉलच्या भिंतीला लावलेली होती, हे माहीत नव्हतं. उजवा हात उशीवर ठेवलेला होता आणि काका त्यांच्या बोटांकडे पाहत बसले होते.

"बाबू, फोम काढला का तू?" त्यांनी हळूच विचारलं. "डॉक्टरनं बोटं हलवायले सांगतलं. माह्या सांगण्यानं हलवत नाई, ठोक्यावर हलवते. काल बोटांनी चार ठोके मोजले तिनं. आज आवाजावर आवाज चढून राहिला, तिले ठोकाच सापडून नाई राहिला."

काकूंनी माझ्याकडे पाहून हसायचा प्रयत्न केला. मला माझीच फार लाज वाटली. परत येताना लक्षात आलं, की त्या एका खोलीतून काकांची टाळी कधी ऐकू आली नव्हती.

हॉलमध्ये येऊन मी सगळ्यांना थांबायला सांगितलं. ड्रम उघडून पट्ट्या होत्या तशा चिकटवल्या. मग काकांची टणक मॅलेट घेऊन भिंतीजवळ उभा राहिलो आणि सावकाश ठोके दिले. एक. दोन. तीन. चार. प्रत्येक ठोका जागच्या जागी थांबला.

मग भिंतीपलीकडून एक टाळी ऐकू आली. मी तेच चार ठोके पुन्हा दिले.